डावीकडून घुसणारे

काका आले ते वाचायच्या चष्म्यासाठी. वय ५८, ठाण्यात तीन हात नाक्याला रिक्षा. मी नौपाड्यात एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून नंबर काढणारी, आहे. डॉक्टर सरांच्या आधी पेशंट माझ्या खुर्चीत बसतो. बोर्ड वाचून घेतला. उजवा ६/६, डावा ६/९. जवळचा नंबर थोडा वाढलेला. पाच मिनिटांचं काम.

काचा बदलत असताना काका बोलत होते. "हल्ली ही बाइकवाली पोरं डावीकडून कुठूनही घुसतात हो मॅडम. अंगावर येईपर्यंत कळत नाही." मी हो हो केलं. घोडबंदर रोडने जाणारा कोणीही हेच म्हणतो. मग म्हणाले, "परवा तर स्टँडवर उभ्या असलेल्या रिक्षाला माझी घासली. उभ्या!" तेव्हा मात्र माझा हात थांबला.

समोरासमोर बसले. "डावा डोळा झाका, माझ्या नाकाकडे बघा, बोटं हलताना दिसली की सांगा." त्यांच्या डाव्या बाजूने हात आत आणत गेले. काका म्हणाले, "करा ना सुरू." बोटं केव्हाची हलत होती.

डोळ्यावर हवेची फुंकर मारणाऱ्या मशीनवर डोळ्यांचं प्रेशर १९ आणि २०. १० ते २१ नॉर्मल धरतात, म्हणजे कागदावर सगळं छान. पण कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ असेल तर तो फुंकरीने लवकर दबतो आणि मशीन आतला दाब कमी दाखवतं. साधारण जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. काकांची निघाली ४७८. ही जाडी मोजायला मिनिटही लागत नाही, तरी कितीतरी ठिकाणी मोजत नाहीत.

सरांनी डोळ्याच्या मागची, मेंदूकडे जाणारी नस पाहिली. नसेच्या तोंडाचा किती भाग पोकळ झाला ते सांगणारा आकडा, कप, डाव्या डोळ्यात ०.९, उजव्यात ०.८. काचबिंदू, म्हणजे ही नस हळूहळू मरत जाण्याचा आजार, तोही बराच पुढे गेलेला. आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणाऱ्या फील्ड टेस्टला अंधारात, ठिपका दिसला की बटण दाबत बसायचं असतं, निम्मे लोक तिथे पेंगतात. काका हँडल धरल्यासारखे ताठ बसले होते. प्रिंट आली तर डाव्या डोळ्यात मधोमध नाण्याएवढा उजेड उरलेला, आणि उजव्याची नाकाकडची बाजू काळी. एरवी एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. इथे डावीकडचं दोन्ही डोळ्यांनी सोडलं होतं. बोर्ड मात्र मधल्याच नजरेने वाचला जातो. म्हणून लायसन्सच्या सर्टिफिकेटला काका दरवेळी पास.

शिबिरातही पास. गणपतीच्या आधी नगरसेवकांच्या फोटोंखाली जी शिबिरं होतात, त्यात मोतीबिंदू शोधतात आणि चष्मे वाटतात. नस बघायला कोणाला वेळ आहे?

खिशातून थेंबांची बाटली निघाली. धुरळ्याने डोळे लाल झाले की मेडिकलवाला देतो, चार वर्षं अधूनमधून चालूच. वाचलं तर स्टेरॉइड. त्यानेही प्रेशर चढतं. आधीच होतं की यानेच झालं, आता कोण सांगणार.

"मोतीबिंदूसारखं काढून टाकता येत नाही?" काकांनी विचारलं. सर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, रोज रात्रीचा थेंब उरलेली राखायला. आणि रिक्षा आजपासून बंद. काका म्हणाले, "खाली लावलीये." घेऊन जायला भाऊ आला. सख्ख्या भावंडांना धोका जास्त, म्हणून त्यालाही बसवलं. त्याची नस ठीक होती.

संध्याकाळी त्यांची जुनी फाइल हाती आली. तीन वर्षांपूर्वी काका आमच्याकडेच येऊन गेले होते, तेव्हाही चष्म्यालाच. प्रेशर १८, १९. पुढे 'नॉर्मल', माझ्या अक्षरात. बाहेर रांग होती, ते सरांपर्यंत गेलेच नाहीत. तेव्हा जाडी मोजायचं मशीन आमच्याकडे नव्हतं, हे खरं. पण नस बघायला ते लागत नाही, हेही खरं.

आता जेवणाच्या सुट्टीत त्या वर्षीच्या फाइली काढतेय. चाळिशीपुढचे, नुसता नंबर काढून गेलेले. आतापर्यंत अकरा फोन झाले. चौघे येतो म्हणाले. बाकीच्यांचं एकच, "चष्मा बरा आहे हो मॅडम, काही त्रास नाही."