भूशिराचा वळसा आणि हातातला व्हीएचएफ रेडिओ

खाडीच्या मुखातून निघायचे, भूशिराला वळसा घालायचा आणि पलीकडच्या पुळणीवर उतरायचे, असा आमचा चार कयाकांचा (वल्ह्याने चालणाऱ्या अरुंद होड्यांचा) बेत होता. अंतर फार नव्हते. पण ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध वाहू लागला की भूशिराच्या टोकाशी उभ्या, आखूड लाटा उठतात आणि तिथे शंभर मीटरवरची हाकही ऐकू येत नाही. म्हणून सर्वांत पुढच्या आणि सर्वांत मागच्या सोबत्याकडे एकेक व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे होड्या-जहाजांवर बोलण्यासाठी वापरतात तो बिनतारी संच, दिला होता.

टोकापाशी मागची एक कयाक उलटली. शेजारच्याने ती धरून ठेवली आणि लाइफ जॅकेटच्या खांद्याला अडकवलेल्या रेडिओवरून, ओला हातमोजा न काढताच, "एक जण पाण्यात, टोकाच्या अलीकडे थांबा" असे चॅनल ७२ वर कळवले. पुढच्यांनी तिथेच थांबणे महत्त्वाचे होते, कारण व्हीएचएफच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि खडकाळ टोकाआड गेल्यावर जवळचा रेडिओही मुका होतो.

याच कारणाने पल्ला ठरतो तो मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर. पाण्यापासून १ मीटरवर धरलेल्या दोन रेडिओंना तत्त्वतः जेमतेम ८ किलोमीटर मिळतात, आणि लाटांच्या खळग्यात त्याहून कमी. किनाऱ्यावरच्या केंद्राची अँटेना १०० मीटर उंच असेल, तर हेच अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास जाते. त्यामुळे बोलताना अँटेना उभी ठेवावी आणि शक्य असेल तेवढी उंच धरावी. आपसातल्या बोलण्याला १ वॅट पुरतो; ५-६ वॅट संकटासाठी राखावेत, म्हणजे बॅटरीही टिकते.

रेडिओ कयाकच्या बंद कप्प्यात ठेवणे मला निरर्थक वाटते, कारण कयाक हातून सुटली की तोही गेला. तरंगणारा रेडिओसुद्धा दोरीने अंगाला बांधलेला हवा. रेडिओची जलरोधक श्रेणी आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची चाचणी. खाऱ्या पाण्याने हळूहळू होणारी झीज तीत मोजलेली नसते, तेव्हा परतल्यावर चार्जिंगचे झाकण घट्ट लावून रेडिओ गोड्या पाण्याने धुवावा. स्पीकरच्या जाळीत पाणी साचून आवाज घोगरा आला, तर जाळी खाली करून झटकावे.

फोन सोबत असावाच, पण फोनवरची हाक एकालाच ऐकू जाते. संकटाच्या हाकेसाठी ठरलेल्या चॅनल १६ वरची हाक पल्ल्यातल्या प्रत्येक ऐकणाऱ्या जहाजाला मिळते. जिवावरचे संकट असेल तर "मेडे" तीनदा म्हणावे, मग नावेचे नाव, ठिकाण, काय झाले आणि किती माणसे आहेत ते सांगावे, आणि बोलण्याचे बटण सोडून ऐकावे. घाईत हे शेवटचे हमखास राहते. डीएससीची (बटणाने आपोआप डिजिटल इशारा पाठवण्याची) सोय असलेल्या रेडिओत झाकणाखालचे लाल बटण दाबून धरले की चॅनल ७० वरून संकटाचा इशारा जातो. जीपीएस जुळलेले असेल तर ठिकाणही सोबत जाते. मात्र त्यासाठी आपला नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक (रेडिओची ओळख सांगणारा) आधी नोंदवून रेडिओत भरलेला असावा लागतो. अनेक देशांत रेडिओ वापरायला परवाना लागतो, त्याची चौकशी रेडिओ विकत घेण्यापूर्वीच करावी.