गुलाबी टेकडी

फेब्रुवारी लागला की पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गुलाबी फोटोंचा पाऊस पडतो. 'चेरी ब्लॉसमसाठी जपानला कशाला? वेताळ टेकडीवर या!' पानं झडलेल्या फांद्यांवर फिकट गुलाबी तुरे, मागे निळंभोर आकाश. फोटो खरंच देखणे असतात. फक्त ते झाड जपानचंही नाही आणि पुण्याचंही नाही. ते गिरिपुष्प, म्हणजेच ग्लिरिसिडिया. माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिकडे ते कोकोच्या बागांत सावलीसाठी लावतात. आपल्याकडे खेड्यात त्याला उंदीरमारी म्हणतात, कारण त्याचं बी विषारी.

या टेकड्या मुळात गवताच्या. सह्याद्रीनं पाऊस अडवल्यावर पुण्याच्या वाट्याला वर्षाला साधारण 700 मिलिमीटर येतो, आणि टेकडीवर कातळावर वीतभर मुरूम. अशा जागी दाट जंगल होत नाही, माळ होतो. मधूनमधून सालई, मोई, एखादा गणेर अशी झाडं. बाकी सगळी गवताची कुसळी. टेकडी उतरल्यावर मोज्यांतून जी उपटत बसावी लागते तीच. कधी एखादं कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. त्याची पिळदार शेपटी उलगडायला लागते, वाळली की पुन्हा पीळ घेते. या उलटसुलट वळण्यातून टोकदार बी स्वतःला मातीत रुतवून घेतं. (मोज्यालाही ते माती समजतं, त्याला इलाज नाही.)

हा माळ माणसांशिवायचा होता असंही नाही. गुराखी, गवत कापणारे, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर, उन्हाळ्यातले वणवे, या सगळ्यांनी तो मोकळा ठेवला. धनगर पावसाळा देशावर काढायचे आणि नंतर कोकणात उतरायचे. वाटेत शेतकरी रात्री शेतात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी. गवत मेंढराच्या पोटातून शेतात जायचं, आणि धनगराला त्या बदल्यात धान्य मिळायचं. आजही काही ठिकाणी हे चालतं.

सरकारी कागदावर मात्र माळ म्हणजे पडीक. 1952 च्या वननीतीनं देशाची एक तृतीयांश जमीन वनाखाली आणायचं ठरवलं, 1972 च्या दुष्काळानं महाराष्ट्र हादरला, आणि उघडा डोंगर दिसला की रोप लावणं हे पुण्यकर्म झालं. आता मुरमात जगेल असं काय? ग्लिरिसिडिया. फांदी तोडून रोवली तरी फुटते, नवख्या गुरांना वास आवडत नाही म्हणून ती तोंड लावत नाहीत, मुळांवरच्या गाठी नत्र धरून ठेवतात. भातशेतीत याच पाल्याचं हिरवळीचं खत फार चांगलं होतं. चारसूत्री लागवडीत, म्हणजे चार नियम पाळून भात लावायच्या पद्धतीत, तर तो एका सूत्राचाच भाग आहे. झाड वाईट नाही हो, जागा चुकली. टेकडीवर त्याची सावली पडली आणि उन्हाला सोकावलेलं गवत मागे हटलं. मग उघड्या जमिनीवर अंडी घालणारे चंडोल आणि टिटव्या तिथे कशाला राहतील?

गंमत पुढे आहे. या टेकडीतून रस्ता काढायची चर्चा सुरू झाली, तेव्हा माणसं शेकड्यांनी रस्त्यावर उतरली. मीही होतो. 'आमचं जंगल वाचवा' असा फलक धरलेले एक काका शेजारून चालत होते. मी हळूच म्हटलं, "काका, हे जंगल तसं लावलेलं आहे." ते म्हणाले, "मला काय सांगता! यातली किती तरी मी लावलीत. रविवारी कॅन घेऊन चढायचो." आता त्यांना माळाचं काय सांगणार? त्यांच्या कॅनमधल्या पाण्यावर ही सावली उभी राहिली, त्या सावलीत रोज फिरणारी पिढी तयार झाली, आणि तीच आज टेकडीसाठी भांडत होती. उघडा माळ असता तर एवढी माणसं आली असती का, याची मला शंकाच आहे.

तरी राहवेना. म्हटलं, "आता गिरिपुष्प हळूहळू कमी करून काही उतार गवताला सोडले तर?"

काकांनी फलक दुसऱ्या खांद्यावर घेतला. "सोडा की. पण मग आम्ही रविवारी करायचं काय?"