आमची वाटचाल : हाताने उघडणारा सिंक ट्रॅप

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे. सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही फक्त जॉबवर्क केलं. गाड्यांना लागणाऱ्या क्लिपा, झाकणं, वायरचे होल्डर. डाय म्हणजे साचा कंपनीचा, प्लास्टिकचा दाणा कंपनीचा, मशीन आणि माणसं आमची. 2019 मध्ये वाहन उद्योगात मंदी आली आणि मशीनं भर दिवसपाळीत उभी राहू लागली. आता स्वतःचं काहीतरी हवं, हे घरात आणि कारखान्यात एकाच वेळी बोललं जाऊ लागलं.

काय बनवायचं ते 2020 च्या टाळेबंदीने ठरवलं. सगळी माणसं घरात, तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक, भांड्यांचा ढीग, आणि सोसायटीत प्लंबरला बंदी. ओळखीतल्या कितीतरी घरांत सिंक तुंबलं आणि बाथरूममध्ये बसून भांडी घासायची वेळ आली. ‘खालचा नट फिरवा’ असं फोनवर सांगणं सोपं होतं. पण तो नट हाताला दाद देत नव्हता आणि घरात पाना नव्हता.

सिंकखालच्या नळीत बसवलेल्या ट्रॅपचं काम साधं आहे. थोडं पाणी कायम अडवून धरायचं, म्हणजे गटारातला वास आणि झुरळं वर येत नाहीत. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली शौचकूपासाठी वाकड्या नळीचं पेटंट घेतलं, त्यामागचं तत्त्व आजही तेच आहे. पाण्याचा हा पडदा साधारण 50 मिमीचा तरी हवा. पण पाणी जिथे थांबतं तिथे गाळही थांबतो. चहाचा चोथा, भाताची शितं, नारळाचा काथ्या, घासणीची तार, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं थिजलेलं तेल-तूप. दिवाळीच्या फराळानंतर ट्रॅप उघडून पाहिला की हे लगेच पटतं. म्हणून ‘कधीच न तुंबणारा ट्रॅप’ असं आम्ही कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. साचणार तर आहेच. साचलेलं घरच्या माणसाला, हाताने, फरशी न भिजवता काढता येतं का, एवढ्यावरच आम्ही काम केलं.

बाजारात तेव्हा काय होतं? वाकड्या नळीचा पी-ट्रॅप पाण्याच्या जोराने बऱ्यापैकी स्वतःच धुतला जातो, पण उघडायचा तर दोन नट सोडवावे लागतात आणि परत बसवताना वॉशर हमखास सरकतो. बॉटल ट्रॅपमध्ये सिंकची नळी पाणी भरलेल्या वाटीत बुडालेली असते. त्यात गाळ जास्त बसतो, पण ती वाटी खालून निघते. आणि कितीतरी स्वयंपाकघरांत ट्रॅपच नसतो. जाळीखालून पन्हळी वेस्ट पाइप थेट फरशीतल्या भोकात सोडलेला असतो. त्याच्या प्रत्येक वळीत ओशट थर बसतो आणि तो आतून घासता येत नाही. हा पाइप स्वस्त असतो म्हणून बसवला जातो, त्याचा त्रास मात्र पुढे भांडी घासणारीला होतो. याचा मला आजही राग येतो.

आम्ही बॉटल ट्रॅप धरला आणि पहिला विचार केला तो जोडाचा. वाटी आणि वरचा भाग जिथे जुळतात तो जोड खाली असेल तर उघडताच वरचं सगळं पाणी अंगावर येतं. आम्ही जोड वर, बाहेर जाणाऱ्या नळीच्या जवळ नेला. त्यामुळे जवळपास सगळं पाणी वाटीतच राहतं आणि ती भरलेल्या पातेल्यासारखी दोन्ही हातांनी सरळ खाली घेता येते. याची किंमत अशी, की आतली नळी मोकळी होईपर्यंत वाटी खाली उतरायला जागा लागते. मॉड्युलर किचनच्या ट्रॉलीत ती जागा नेहमी नसते, म्हणून आम्ही ट्रॅप विकण्याआधी सिंकखालचं माप विचारतो. जागा नसेल तर देत नाही.

दुसरी गोष्ट आटे. पाइपाचे नेहमीचे बारीक आटे गाळाने आणि क्षाराने चिकटतात, बोअरच्या पाण्यावर तर लवकरच. आम्ही जाड, चौकोनी धाटणीचे आटे घेतले आणि वॉशर त्यांच्या आतल्या अंगाला बसवला, म्हणजे घाण पाणी आट्यांपर्यंत पोचत नाही. वॉशर नायट्राइल रबराचा, कारण ईपीडीएम जातीचं रबर तेलात फुगतं. तो खाचेत धरून राहतो, वाटी उलटी केली तरी बादलीत पडत नाही.

वाटी पारदर्शक असावी, असं डायमेकरचं मत होतं. कल्पना मलाही आवडली होती. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचे नमुने काढून त्यात तुंबलेलं मोकळं करायची पावडर भिजवून ठेवली. तिच्यात कॉस्टिक सोडा असतो, आणि कॉस्टिकपुढे पॉलिकार्बोनेट टिकत नाही. नमुन्यांना तडे गेले. त्यानंतर पॉलिप्रॉपिलिन या दुसऱ्या प्लास्टिकवर आलो. ते काचेसारखं स्वच्छ नसतं, दुधी दिसतं, पण टॉर्च लावला की गाळ कुठवर आला ते कळतं. कॉस्टिक त्याला बाधत नाही, आणि बटाट्याचं कढत पाणी ओतलं तरी आकार सोडत नाही. पाइपांचं पीव्हीसी मात्र साधारण 80 अंशांच्या पुढे मऊ पडतं.

सगळ्यात मोलाची सूचना कारखान्यात डबे आणि चहा बघणाऱ्या मावशींची. आम्ही त्यांच्या हाताला तेल आणि भांड्याचा साबण लावून वाटी उघडायला सांगितली. बाहेरून बारीक रेघा होत्या, हात सटकला. त्या म्हणाल्या, “अरे, रेघा कशाला, धरायला कान दे की!” मग वाटीला चार जाड पंख दिले. दुसऱ्या वेळी त्या गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून बराच वेळ थांबल्या. “खाली बसलं की डावं-उजवं कळत नाही रे.” खरंच होतं ते. वरून वाकून हात घातला तर एक दिशा वाटते, समोर बसलं तर दुसरी. म्हणून वाटीच्या कुशीवर उठावदार बाण आणि त्याखाली ‘उघडा’ अशी अक्षरं आली. डायवर ती उलटी कोरावी लागतात. कोरणाऱ्याने ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक छोट्या आकारातही राखला, याचं मला फार कौतुक आहे.

विक्री सोपी नव्हती. दुकानदार म्हणायचे, सिंकखाली कोण बघतं. बिल्डरला पन्हळी पाइपाचाच भाव हवा असायचा. आधार दिला तो प्लंबर मंडळींनी. तुंबलेला ट्रॅप उपसण्याचं काम त्यांनाही नको असतं, पैसे थोडे आणि वेळ जास्त. नाशिक, सिन्नर, संगमनेरचे प्लंबर आमचा ट्रॅप बसवतात आणि जाताना एकदा गृहिणीकडून उघडून घेतात. ही पद्धत त्यांनीच पाडली. ज्या घरात तसं झालं, तिथून पुन्हा फोन येतो तो बहुतेक वॉशरसाठी, आणि वॉशर आम्ही सुटा देतो.

सध्या वॉश बेसिनसाठी 32 मिमीच्या ट्रॅपची डाय चालू आहे. तिथे तेल नाही, केस आहेत, आणि ते आतल्या नळीच्या काठाला गुंडाळतात. तो काठ किती गोल ठेवायचा यावर डायमेकरचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.