प्लोझेवेत : मोजून मोजून घेतलेलं गाव

कँपेरहून पश्चिमेला ओदिएर्नचा रस्ता धरला की पंचवीसेक किलोमीटरवर प्लोझेवेत लागतं. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला फिनिस्तेर जिल्हा, त्यातला हा बिगुदें मुलूख. बायकांच्या डोक्यावरच्या तीस सेंटिमीटरहून उंच, कांजी केलेल्या लेसच्या टोप्या ही इथली जुनी ओळख. आता त्या संग्रहालयात नाहीतर जत्रेतच दिसतात. वस्ती तीन हजारांच्या आतबाहेर. चर्च, बेकरी, औषधाचं दुकान आणि भोवती शेतं, एवढं बघून माणूस तासाभरात पुढच्या बसला लागेल. तसं करू नका. एवढ्याशा गावाची इतकी बारीक मोजदाद फ्रान्समध्ये क्वचितच झाली असेल.

१९६१ ते १९६५ या काळात शंभराच्या आसपास संशोधक इथे येऊन गेले. डॉक्टर, मानववंशशास्त्रज्ञ, इतिहासकार, भूगोलवाले, समाजशास्त्रज्ञ, सगळेच. निमित्त होतं खुब्याच्या सांध्याचं. जन्मतःच खुबा निखळलेला असण्याचं प्रमाण बिगुदें भागात जास्त होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्याच घरांत सोयरिकी होत आल्या होत्या. अशा ‘बंद’ लोकसंख्येत आनुवंशिकता तपासता येईल, या विचाराने डॉ. रोबेर जेसें यांनी हे गाव निवडलं. तेव्हा वस्ती ३,८०० च्या घरात होती. समाजशास्त्रज्ञ एदगार मोरें यांनी याच मोहिमेतून गावावर पुस्तक लिहिलं आणि गावाचं नाव बदलून ‘प्लोदेमे’ केलं. त्या बुरख्याचा फारसा उपयोग झाला नाही. कोणाबद्दल लिहिलंय ते गावाने लगेच ओळखलं.

गाव बघायचं तर आधी नावं वाचायची. इथल्या ब्रेटन भाषेत ‘प्लो’ म्हणजे पॅरिश, एका चर्चच्या हद्दीतली सगळी वस्ती. ‘केर’ म्हणजे घर किंवा वाडी. रस्त्यावरच्या पाट्यांवर किती ‘केर’ येतात ते मोजत चला, म्हणजे लोक चर्चभोवती एकवटलेले नव्हते हे ध्यानात येतं. तुकड्या-तुकड्यांची जमीन आणि वाडीवाडीत विखुरलेली घरं. शेत लहान, भावंडं पुष्कळ. मग काही जण समुद्रशेवाळ जाळून आयोडीनसाठी राख करत, काही मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत जात, आणि पुष्कळ जण शिकून निघून जात. हे शेवटचं इथे जरा जास्तच झालं. गाव ‘लाल’, म्हणजे प्रजासत्ताकवादी आणि चर्चच्या राजकारणाच्या विरोधातलं. मेअर आणि खासदार झालेल्या जॉर्ज ल बाय यांच्या घराण्याचं इथे वजन होतं, आणि सरकारी शाळेचंही. त्या शाळेतून शिक्षक, टपाल कर्मचारी, कारकून तयार झाले आणि नोकरीच्या गावी गेले. शाळा चांगली असली की गाव रिकामं होतं. हा हिशेब कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

चर्चजवळ पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, शेजारच्या प्लुइनेक गावच्या रने किलिविक यांनी घडवलेलं. सैनिक नाही, तोफ नाही. उभा आहे तो एक म्हातारा बाप. ज्याच्यावरून तो घडवला त्या गावकऱ्याचे तीन मुलगे आणि जावई युद्धात मारले गेले होते. लोकसंख्येच्या आलेखात १९१४ ते १९१८ ची खाच कशी पडली ते बघायला आकडे लागत नाहीत. कोरलेल्या नावांत एकच आडनाव किती वेळा येतं ते मोजा.

तिथून समुद्राकडे, कांतेच्या किनाऱ्यावर जा. तिथे एक उभा प्रागैतिहासिक दगड आहे, मेनहिर. त्यावर १८४० साली मजकूर कोरला गेला: या दगडाभोवती सुमारे ६०० बुडालेले लोक पुरले आहेत. ‘द्र्वा द लोम’ ही ७४ तोफांची फ्रेंच युद्धनौका आयर्लंडच्या फसलेल्या मोहिमेवरून परतत होती. दोन इंग्रजी जहाजांशी रात्रभर लढून १४ जानेवारी १७९७ ला ती इथे वाळूवर आपटली. त्यातून वाचलेला जर्सी बेटाचा मेजर पिपाँ पुढे परत आला आणि त्याच्यामुळे हा मजकूर कोरला गेला. किनाऱ्यावर पुरलेली ही माणसं गावच्या कुठल्याही शिरगणतीत नाहीत.

जुन्या दफ्तरात याची तारीख शोधायला गेलात तर ‘जानेवारी १७९७’ सापडणार नाही. तेव्हा फ्रेंच क्रांतीचं वेगळं कॅलेंडर चालू होतं, म्हणून ती ‘पाचव्या वर्षीची २५ निव्होज’ होते; निव्होज हा त्यातला एक महिना. १८०५ च्या अखेरपर्यंत हा घोळ आहे. तारखा जुळवायचा तक्ता जवळ ठेवा. फिनिस्तेरच्या जिल्हा दफ्तरखान्याच्या जुन्या नोंदवह्या घरबसल्या बघता येतात. आधी दर दहा वर्षांची नावनिशीवार सूची काढा, मग मूळ नोंद. लग्न शोधायचं तर नवरीच्या गावात शोधा, कारण लग्न बहुधा तिथेच लागे. बाईची नोंद मरेपर्यंत माहेरच्या नावाने असते. सासरच्या नावाने शोधणारा इथेच अडकतो. दुसरी मेख म्हणजे आडवी रेघ मारलेला ‘के’. तो शाईचा डाग नव्हे, ‘केर’चं लघुरूप आहे.

शिरगणतीच्या नावनिशीवार याद्या १८३६ पासून दर पाच वर्षांनी मिळतात. मात्र १८७१ ची प्रशियाशी झालेल्या युद्धामुळे १८७२ ला झाली आणि १९१६ ची झालीच नाही. दर दहा वर्षांच्या आपल्या जनगणनेची सवय घेऊन आजचे आकडे वाचलेत तर फसाल. २००४ पासून दहा हजारांच्या आतल्या गावांत पाच वर्षांतून एकदा घरोघर मोजणी होते, तीही सगळीकडे एकाच वर्षी नाही. जाहीर होणारा आकडा तीन वर्षं जुना असतो: १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेला आकडा २०२१ चा आहे. शिवाय आकडे दोन येतात. ‘म्युनिसिपल’ आकड्यात माणूस एकदाच मोजला जातो. ‘एकूण’ आकड्यात बाहेरगावी शिकणारी, पण घर इथेच असलेली मुलंही धरतात. दोन गावांचे ‘एकूण’ आकडे मिळवले की काही माणसं दोनदा मोजली जातात. तुलनेला नेहमी म्युनिसिपल घ्या.

जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, तरी गाव ओस पडत नाही. नोकरी संपवून माणसं परत येतात आणि समुद्र बघत म्हातारपण काढायला बाहेरचेही येतात. घरांची संख्या मात्र वेगळीच गोष्ट सांगते, कारण त्यातली बरीच सुट्टीपुरती उघडतात. मोजणी जानेवारी-फेब्रुवारीत होते. त्या दिवसांत पोर्स-पुलानच्या छोट्या बंदरावर गेलात तर किती घरांच्या झडपा बंद आहेत ते तुम्हालाही मोजता येईल.