आमची वाटचाल : माळ्यावरचा माल

आणीबाणी उठली त्या वर्षी बाबांनी दारव्ह्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. एक टेबल, एक सोल्डरिंग, एक मीटर. तेव्हा भाग मिळवायची चिंता नव्हती. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, आणि एसी १२८ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर यवतमाळात मिळत. तिथं नसले की नागपूरला सीताबर्डी. पुढं टीव्ही आला, व्हॉल्व्हचा माल दुकानांतून उठला आणि आम्हीही बरीच वर्षं टीव्ही-मिक्सरवर घर चालवलं.

बाबांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. लोकांनी टाकून दिलेला सेट ते भंगाराच्या भावानं घेत आणि माळ्यावर चढवत. आई त्यावरून रोज बोलायची. आज आमचं दुकान त्याच माळ्यावर चालतं.

जुन्या सेटांकडं आम्ही परत वळलो ते पंधराएक वर्षांपूर्वी. दिग्रसकडच्या एका खेड्यातले काका पोत्यात गुंडाळून बॅटरीवरचा व्हॉल्व्ह रेडिओ घेऊन आले. गावात लाइन यायच्या आधीचा सेट. "माह्या बुढ्याचा हाये. वाजला त ठीक, नाही वाजला त तसाच नेईन, पण खोलून इकजो नोको," म्हणाले. आत डीके ९६ पासून डीएल ९६ पर्यंत चारही व्हॉल्व्ह शाबूत होते. नव्हती ती बॅटरी. या सेटाला ९० व्होल्ट लागतात आणि तो मोठा बॅटरी पॅक आता कुठं मिळत नाही. मी ९ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या, फिलामेंटला, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या बारीक तारेला, दीड व्होल्टचा मोठा सेल वेगळा दिला. वायर चार वेळा तपासल्या, कारण ९० व्होल्ट चुकून फिलामेंटवर गेले तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. नागपूर आकाशवाणी लागली. काका बातम्या संपेपर्यंत स्टुलावरून उठले नाहीत. त्या दिवशी मी बाबांना माळा उघडायला सांगितलं.

लोकांना वाटतं व्हॉल्व्ह मिळत नाहीत म्हणून सेट बंद पडतात. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक सेटांत व्हॉल्व्ह चांगले असतात. खराब होतात ते कागदी कंडेन्सर. स्पीकर वाजवणाऱ्या शेवटच्या, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा (जिथून आवाजाचा सिग्नल आत जातो तिथला) कंडेन्सर गळायला लागला की व्हॉल्व्ह लाल होतो आणि सोबत त्याच्या नि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सर स्वस्त आहे. ०.०१ मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा नवा पॉलिएस्टर कुठंही मिळतो. म्हणून हात जोडून सांगतो, वाड्यात वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ सणाच्या दिवशी थेट प्लगात घालू नका. आम्ही पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, म्हणजे वीज एका बल्बमधूनच सेटात जाईल असा लावतो. बल्ब पूर्ण पेटला की आत शॉर्ट आहे हे कळतं आणि सेट वाचतो.

ट्रान्सफॉर्मर गेला की खरी परीक्षा. माळ्यावर जुळणारा सापडला तर सुटलो, नाहीतर बांधावा लागतो. आमच्या गल्लीत शेतपंपाच्या मोटारी बांधणारे भाऊ आहेत. जाड तारेवर बसलेला त्यांचा हात केसासारख्या तारेवर पहिल्या दिवशी सहा वेळा थांबला, तार तुटत गेली. जुनी गुंडाळी उलगडताना वेढे मोजायचे, वहीत लिहायचे, मग तेवढेच घालायचे. पहिला ट्रान्सफॉर्मर वाजला, पण आवाज दबका, खर्ज गायब. चूक माझी होती. रेडिओत एकच आउटपुट व्हॉल्व्ह असला की वेढ्यांतून डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, सतत वाहतो, म्हणून गाभ्याच्या ई आकाराच्या लोखंडी पट्ट्या एका बाजूला, आय दुसऱ्या बाजूला आणि मधे कागद ठेवावा लागतो. आम्ही साध्या ट्रान्सफॉर्मरसारख्या आलटूनपालटून भरल्या होत्या. पट्ट्या काढून पुन्हा भरल्या आणि आवाज मोकळा झाला. भाऊ आता ते काम माझ्यापेक्षा चांगलं करतात.

फसलोही. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून 'नवे' म्हणून सहा ईएल ८४ व्हॉल्व्ह मागवले. खोके कोरे, काच पुसलेली, आतला माल वापरून थकलेला. त्यांतल्या दोन व्हॉल्व्हच्या टोकावरचा चांदीसारखा डाग पांढरा पडला होता, म्हणजे आत हवा शिरलेली. पैसे परत आले नाहीत. तेव्हापासून फोटोत तो डाग दिसल्याशिवाय आम्ही व्हॉल्व्ह घेत नाही.

रेकॉर्डप्लेअरचं दुखणं वेगळं. तबकडी फिरवणारं रबरी चाक कडक होतं. ते घासून घेतो किंवा नवं रबर चढवून घेतो. सुई मात्र बनवता येत नाही, विकतच घ्यावी लागते, आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीला एलपीची बारीक सुई कधीच लावू देत नाही. रुंद खाचेच्या तळाशी ती घासत जाते.

सध्या टेबलावर एका भजनी मंडळाचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे. दोन ईएल ३४ आउटपुट व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर जळलेला. इथं दोन व्हॉल्व्हचा डीसी एकमेकांविरुद्ध वाहून खोडला जातो, म्हणून पट्ट्या आलटूनपालटूनच भरायच्या, फक्त दोन्ही अर्ध्या गुंडाळ्यांचे वेढे सारखे हवेत. भाऊंनी पहिली बाजू बांधून दिली आहे. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मंडळ मोझरीला निघतं, त्याआधी तो त्यांच्या हाती द्यायचा आहे.