मारुतीच्या कितीला लागलं?

नाशिककर गोदावरीवर जात नाही, गंगेवर जातो. आणि गंगेला किती पाणी आहे, ते क्युसेकमध्ये सांगत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या आसपास, हे पाठ असलं तरी गंगापूर धरणातून अमुक हजार सोडले म्हणजे किती, ते डोळ्यांपुढे येत नाही. नदीपात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं म्हटलं की येतं. कमर, छाती, गळा, अशी पुढची मापं. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टात तो डोक्यासकट बुडाला होता. त्याहून जुनी खूण काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागण्याची. देऊळ १७४७ चं, घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर तिकडून आलेली. पोर्तुगिजांची घंटा आमचा पूर मोजते, याचं इथे कुणाला काही वाटत नाही.

दसऱ्याआधीच्या बुधवारी मात्र मारुती कोरडा ठणठणीत असतो. उन्हाचा चटका असतो, पण सावलीत गेलं की गार. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरलेला असतो आणि दोन महिन्यांपूर्वी जिथे गढूळ पाणी घोंघावत होतं तिथे कुणी सुपल्या मांडून बसलेलं असतं, कुणी विळे-कोयते. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ राहिलेलं असतं. वाळलेलं दिसलं तरी त्यावर पाय देऊ नये.

या दिवसांत नजर जाते ती झेंडूवर. कॅरेटमधली वरची फुलं बघून भाव करणारा माणूस पहिल्यांदाच आलेला असतो. हात खाली घालावा. आत ऊब लागली तर फुलं भिजलेली तोडून दाबून भरली आहेत. ती रात्रीतून काळी पडणार. पाणी शिंपडलेलं फूल टवटवीत दिसतं, पण ते पाणीही तराजूत जातं. फूल उलटं करून बुडाची हिरवी वाटी दाबावी, घट्ट असेल तरच घ्यावं.

तोरणाला सुई या वाटीतून आडवी घालायची. नुसत्या पाकळ्यांतून ओवलं तर दुपारपर्यंत उंबऱ्यात सडा पडतो. तीन फुटी चौकटीला फुलं खेटून ओवली तर पंधरा-सोळा लागतात, मध्ये आंब्याची पानं घेतली तर दहा-बारात भागतं. दोन्ही टोकांना वीतभर दोरा जास्त ठेवावा, खिळ्याशी गाठ मारताना नेमका तोच कमी पडतो. वाळलेल्या तोरणातलं बी कुंडीत टाकायची हौस पुष्कळांना असते. रोपं येतात, पण फूल संकरित असेल तर यंदासारखं टपोरं येईलच असं नाही.

आपट्याचं मात्र मी सोडत नाही. बाजारात सोनं म्हणून सर्रास कांचन खपवतात. कांचनाचं पान मोठं, पातळ, मऊ. आपट्याचं लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "ताई, सोनंच आहे." वाटायचंच आहे तर चार पानं वाटावीत, पण आपट्याची, पिशवीभर फांद्या ओरबाडून कुणाचं सोनं झालंय?

सकाळी झेंडूचा जो भाव ऐकून लोक पुढे सरकतात, तो दसऱ्याच्या दुपारी निम्म्यावर येतो, संध्याकाळी विचारणारंही कुणी नसतं. न खपलेला झेंडू परत न्यायचा तर टेम्पोचं भाडं अंगावर पडतं, आणि उद्या त्याला गिऱ्हाईक नाही. मग कॅरेट तिथेच पालथी होतात, रिकामी तेवढी मोजून गाडीत चढतात. अंधार पडता पडता घाटावर केशरी ढीग असतात, गाई त्यांत तोंड घालतात. मारुतीच्या गुडघ्याएवढा ढीग एखाद्या वर्षी असतोच.