फौंड्रीत टॅग लावायला लागलो तेव्हा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, मी मेंटेनन्स बघतो. मच्छे, पिरनवाडी, येळ्ळूरकडची बरीच माणसं आमच्याकडे कामाला आहेत. धोक्याचे फलक लावायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा नवे मागवण्याआधी मी जुने काढले. भिंती पाट्यांनी भरलेल्या आणि वाचत कुणीच नव्हतं. जिथला धोका कधीच गेला, तिथली पाटी बाकीच्या पाट्यांचीही किंमत घालवते, असं माझं ठाम मत आहे.

मग शेडमध्ये फिरून कायमचे धोके लिहून काढले. पिवळा त्रिकोण इशाऱ्याचा, लाल वर्तुळात तिरकी रेघ मनाईची, निळं वर्तुळ म्हणजे हे केलंच पाहिजे, हिरवा रंग बाहेर पडायच्या वाटेचा आणि प्रथमोपचाराचा. चित्र मोठं, खाली कन्नड, मराठी, हिंदीत एकेक ओळ. बिहार-ओडिशाची पोरंही आहेत ना.

सगळ्यात जास्त विचार ओल्या स्क्रॅपच्या फलकाचा केला. बेळगावात पावसाची झड लागली की यार्डातला माल भिजतो. ओला तुकडा वितळलेल्या लोखंडात बुडाला की पाण्याची क्षणात वाफ होते, आकारमान १,६०० पटींहून जास्त वाढतं आणि १,४०० अंशांच्या आसपासचा रस अंगावर उसळतो. म्हणून हा फलक भट्टीत माल टाकणारा उभा राहतो तिथेच, त्याच्या डोळ्यांसमोर लावला.

तात्पुरत्या धोक्याला मात्र टॅगच हवा, म्हणजे काम चालू असेपर्यंत अडकवायची चिठ्ठी. साच्यांची वाळू कालवणाऱ्या सँड मिक्सरमध्ये चिकटलेली वाळू खरवडताना माणूस अर्धा आत वाकलेला असतो आणि मशीन चालू करायचं पॅनेल खांबाआड, तिथून तो दिसत नाही. त्या पॅनेलवर लाल टॅग: नाव, मोबाईल, तारीख, वेळ, काम काय चाललंय. मुख्य शब्द पाच फुटांवरून वाचता यावा, असं ओशाचा, म्हणजे अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याचा, नियम सांगतो. आम्हीही तेच माप धरलं. पण टॅग काही वीज अडवत नाही, त्यामुळे आयसोलेटरला, म्हणजे वीज तोडायच्या स्विचला, कुलूपही घातलं. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात.

आमचे जुने फिटर म्हणाले, "मी हाक मारतोय की, टॅग कशाला?"

"मामा, शॉट ब्लास्टिंगचा, छर्रे मारून माल साफ करायच्या मशीनचा, आवाज चालू असताना तुमची हाक कुठवर जाते?"

मामांनी तिकडं बघितलं. "व्हय, ते खरं," म्हणाले आणि पेन मागितलं.

टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा, हे पटवणं सगळ्यात जड गेलं. एकदा रात्रपाळीत मशीन हवं होतं आणि टॅग लावणारा खानापूरला घरी पोचलेला. सुपरवायझरनं त्याला फोन लावला, काम कुठवर आलं ते विचारलं, आत माणूस किंवा हत्यार राहिलं नाही ना ते स्वतः बॅटरी मारून बघितलं, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि मगच राखीव किल्लीनं कुलूप उघडलं. तीच पद्धत आता लिहून पॅनेलच्या दारावर लावली आहे.